दिवेलागणीनंतरचं विरजण

हिरव्यागार प्लास्टिकच्या घागरीत दोन मासे घेऊन एखादी मुलगी भर रस्त्यात उभी राहिली, तर लोक बघणारच. इरा मात्र बघणाऱ्या प्रत्येकाकडे अशा नजरेने पाहत होती, की जणू चेन्नईत घागरीतूनच मासे न्यायची पद्धत आहे आणि बाकीचे लोक आज आपापली घागर घरी विसरून आलेत.

रविवारची सकाळ होती. नुंगंबाक्कममधली पेइंग गेस्टची खोली सोडून ती शोळिंगनल्लूरला राहायला चालली होती. तिचं सॉफ्टवेअरचं ऑफिस तिकडेच होतं, आणि रुंदीकरणासाठी खणून ठेवलेल्या त्या रस्त्यावरून रोज बसमध्ये धूळ खात जायचा तिला कंटाळा आला होता. तिची मैत्रीण सुष्मिता सामानाचा टेम्पो घेऊन पुढे गेली होती. टेम्पोत मासे हिंदकळतील म्हणून ते इराच्या कडेवर. पायाशी एक पिशवी, तिच्यात माशांच्या पेटीतले खडे आणि पाणी गाळायच्या फिल्टरचा स्पंज.

तिसरा ऑटोवाला थांबला आणि घागरीत डोकावला. "मीना?" मग नाक मुरडून म्हणाला, "नाट्रम!"

वर्षभरात इराला जे मोजके तमीळ शब्द कळायला लागले होते, त्यात हे दोन्ही होते. मीना म्हणजे मासे का, आणि नाट्रम म्हणजे घाण वास.

"वास तुझ्याच तोंडाला येतोय, मेल्या," ती गोड हसून मराठीत म्हणाली. परक्या गावात आपल्या भाषेचा हा एक मोठाच फायदा असतो.

मागे कोणालातरी जोराचा ठसका लागला.

इराने वळून पाहिलं. एक उंच, चष्मेवाला तरुण. एका हातात केळीची पानं, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि हसू दाबून दाबून लाल झालेला चेहरा.

"क्षमा करा," तो म्हणाला. "जिवंत मत्स्यास वास कुठून येईल? थांबा, मीं सांगतों त्यास."

इराचे कान गरम झाले. "तुम्ही... मराठी?"

"होय. तंजावरचे." जणू शेजारच्या गल्लीतले, अशा थाटात तो म्हणाला. "आमचे लोक इकडे येऊन तीनशें वर्षें होत आलीं. परत जायचें राहूनच गेलें."

मग त्याने ऑटोवाल्याशी इतक्या भरधाव तमिळमध्ये बोलणं सुरू केलं, की इराला फक्त 'मीन' आणि 'पावम' एवढंच कळलं. पावम म्हणजे बिचारी. बिचारे मासे की बिचारी ती, हे काही कळलं नाही. ऑटोवाला विरघळला आणि स्वतः उतरून पिशवी उचलू लागला. पिशवीचं तोंड उघडं होतं. त्या तरुणाची नजर आत गेली आणि त्याचा चेहराच उतरला.

"हा स्पंज... कोणीं धुतला?"

"मी," इरा अभिमानाने म्हणाली.

अभिमान वाटण्यासारखंच होतं ते. नव्या घरात जुनी घाण न्यायची नाही, ही तिच्या आईची शिकवण. मिरजेत त्यांनी दोनदा घर बदललं, आणि दोन्ही वेळा आईने केरसुणी जुन्या घरी ठेवली, भांडी चिंच लावून लखलखीत केली आणि पायपुसणंसुद्धा उकळून घेतलं. आई गेली, पण शिकवण राहिली. इराने माशांच्या पेटीतले खडे उकळले होते. स्पंज साबणाने खसाखसा चोळून, गच्चीवरच्या कडकडीत उन्हात वाळवला होता. नवा आणलेला वाटेल, इतका तो पांढरा झाला होता.

"अय्यो," तो तरुण म्हणाला. "सगळ्यांस मारून टाकिलेंत?"

"कोणाला? मासे आहेत की जिवंत!"

"मासे नव्हेत हो. त्यांचा स्टाफ."

आता इराला वाटलं, हा माणूस दिसायला बरा असला तरी डोक्याने जरा सैल आहे. पण त्याने हातातली केळीची पानं ऑटोच्या टपावर ठेवली आणि घागरीत पाहत समजावून सांगितलं. मासे खातात, घाण करतात. त्या घाणीचा पाण्यात अमोनिया होतो आणि तो माशांना विष. पण पेटी जुनी झाली की स्पंजात आणि खड्यांत बारीक जिवाणू वस्ती करतात. ते हे विष खाऊन पचवतात, पाणी निवळ ठेवतात. ते वाढायला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि साबणाने मरायला एक सकाळ पुरते.

"नवी पेटी, नवें पाणी, आणि काम करणारा एकहि नाहीं," तो म्हणाला. "माझ्याकडे जुनी पेटी आहे. अर्धा स्पंज देतों. माझें घर ह्याच गल्लींत..."

"माझे मासे धडधाकट आहेत," इरा ताठपणे म्हणाली. सकाळीसकाळी कोणा अनोळखी माणसाने तिच्या स्वच्छतेला नावं ठेवली होती आणि ते तिला झोंबलं होतं. "आणि तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"मीं अंबत्तूरला एका बिस्किटांच्या कारखान्यांत आहें. सांडपाणी शुद्ध करायचा विभाग." तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक छोटीशी खळी पडली. ती पडायची काही गरज नव्हती, असं इराला वाटलं. "माझ्या हाताखालीं कोट्यवधी जिवाणू कामाला आहेत. एकहि रजा मागत नाहीं. माझें नांव त्र्यंबक. नंबर तरी ठेवा, लागला तर..."

इराने नंबर ठेवला. ऑटो सुरू झाल्यावर, केळीची पानं टपावरून ओढून घ्यायला तो धावत आला तेव्हा ती मनापासून हसली. मग मोबाइलमध्ये त्या नंबरापुढे तिने नाव टाकलं — 'सांडपाणी'.

*

आता हे मासे कोण, ते सांगायला हवं. ते होते दोन गोल्डफिश. एक गोल गरगरीत, दुसरा सडपातळ आणि सारखा लगबगीत. इराचे बाबा, वसंतराव, मिरजेच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. लेकीला नोकरीच्या गावी सोडायला ते आले, तेव्हा परतीच्या गाडीआधी तिला घेऊन कोळत्तूरच्या माशांच्या बाजारात गेले आणि ही जोडी घेऊन दिली. "संध्याकाळी खोलीवर आलीस की कोणीतरी असावं," एवढंच म्हणाले. गोल माशाचं नाव त्यांनी अध्यक्ष ठेवलं आणि लगबग्याचं चिटणीस.

आई गेल्यापासून बापलेकीचं बोलणं तसं आटलंच होतं. 'तू एकटी रडतेस का?' असं विचारणं मुख्याध्यापकांना कुठून जमायला! म्हणून सातच्या बातम्या संपल्या की रोज फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "मासे कसे आहेत?" इरा म्हणायची, "मजेत." कधी म्हणायची, "चिटणीस आज जरा सुस्त वाटला." त्या दिवशी बाबा जास्त वेळ बोलायचे. दोघांनाही ठाऊक होतं की बोलणं माशांचं चाललेलं नाही. पण मासे होते म्हणून बोलणं तरी चाललं होतं.

शोळिंगनल्लूरच्या नव्या फ्लॅटमध्ये इराने मोठी, नवी काचेची पेटी मांडली. उकळलेले खडे, पांढराशुभ्र स्पंज. अध्यक्ष आणि चिटणीस आत सोडले आणि ती समाधानाने मागे सरून बघत राहिली. पेटी अगदी दुकानात मांडल्यासारखी दिसत होती.

पुढच्या काही दिवसांत पाणी दुधाळ झालं. तिने सगळं पाणी बदललं, स्पंज पुन्हा धुतला. पाणी पुन्हा दुधाळ. पुन्हा धुतलं. आईची शिकवण ती इतक्या मनोभावे पाळत होती, की आईनेही हात जोडले असते. मग एका सकाळी अध्यक्ष पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत असलेला दिसला. कल्ले लालभडक झाले होते. चिटणीस कोपऱ्यात पंख मिटून नुसता तरंगत होता, त्याची सारी लगबग संपली होती.

आदल्या संध्याकाळीच तिने फोनवर सांगितलं होतं, "मजेत आहेत, बाबा."

हे मासे गेले, तर बाबा रोज फोन करून काय विचारतील? ताठा-बिठा विसरून तिने मोबाइल उचलला आणि 'सांडपाणी' शोधलं.

"मी... घागरवाली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

'मीं सांगितलें होतें नां' असं पलीकडच्याने म्हटलं नाही. इराने पुढे आयुष्यभर ह्या एका गोष्टीबद्दल त्याचे आभार मानले.

"रडूं नका," तो म्हणाला. "तिसरा हिस्सा पाणी बदला. खाणें घालूं नका. संध्याकाळीं घरीं या, स्पंज देतों. वांचतील."

*

ऑफिसातून लवकर निघूनही इरा नुंगंबाक्कमला पोचली ती दिवेलागणीलाच. पहिल्या मजल्यावरचं घर, दारात रांगोळी, आतून कॉफीचा दरवळ. दार त्र्यंबकच्या आईने उघडलं. कमलिनीबाई — ठसठशीत कुंकू, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, आणि डोळे असे की समोरच्याची जन्मपत्रिका बघितल्याशिवाय वाचून काढतील.

"ये गे, बैस. मत्स्यांची मुलगी नां तूं?"

हॉलच्या भिंतीशी त्र्यंबकची पेटी होती. इराने ती पाहिली आणि मनातल्या मनात शरमली. काचेवर थोडं शेवाळ, खडे काळपट, फिल्टरचा स्पंज तर चहाच्या फडक्यासारखा तपकिरी — आणि त्या सगळ्यात पाच मासे मजेत हुंदडत होते. त्र्यंबकने बाह्या दुमडल्या, कात्री घेतली आणि स्पंजाकडे हात नेला.

"थांब रे," देवघरातून कमलिनीबाई म्हणाल्या. "दिवा लावला मीं."

"मग?"

"दिवा लावल्यावर विरजण घराबाहेर देत नाहींत."

"अम्मा! हा स्पंज आहे!"

"तूंच सांगितलेंस नां? मीं हा मळका तुकडा केरांत टाकीत होतें, तर ओरडलास — अम्मा, टाकूं नको, हें विरजण आहे, ह्यांतलें चिमूटभर घातलें तर दुसरी पेटी लागते. सांगितलेंस कीं नाहीं?"

त्र्यंबकचं तोंड उघडं राहिलं. स्वतःच्याच उपमेत माणूस असा सापडलेला इराने पहिल्यांदाच पाहिला. एरवी ती खदखदून हसली असती. पण आता तिला फक्त आ वासणारा अध्यक्ष दिसत होता. आणि गंमत म्हणजे कमलिनीबाईंवर रागही येत नव्हता, कारण ही रीत तिच्या मिरजेच्या घरीही होतीच. तिन्हीसांजेला दारात कोणी वाटी घेऊन आलं, तर आई सांगायची, सकाळी या हो.

"सकाळपर्यंत... ते नाही टिकायचे," ती कशीबशी म्हणाली. डोळे भरून आले होते. "माझ्या बाबांनी दिलेत."

कमलिनीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "विरजण बाहेर जात नाहीं म्हटलें मीं. दूध आंत येत नाहीं, असें कोणीं म्हटलें? जा, मत्स्यांस इकडे घेऊन या. आमच्या पेटींत पाहुणे म्हणून राहूं देत. त्र्यंबका, उभा काय राहिलास? स्कूटर काढ!"

शोळिंगनल्लूरपर्यंतच्या त्या धुळीच्या रस्त्याने दोघं गेली आणि परत आली. परतताना इराच्या मांडीवर हिरवी घागर होती, आणि प्रत्येक खड्ड्याआधी त्र्यंबक मागे वळून ओरडत होता, "धरा!"

"घागरीला की तुम्हाला?" एकदा तिने विचारलं. विचारल्यावर तिलाच धक्का बसला.

स्कूटर क्षणभर डळमळली. "ज्यांत... ज्यांत पाणी सांडणार नाहीं असें वाटेल, त्यास," तो पुढे बघत म्हणाला. त्याच्या मानेवर घामाचे थेंब होते. इराने घागर एका हाताने कवटाळली आणि दुसऱ्या हाताने, अगदी दोन बोटांनी, त्याच्या शर्टाची कड धरली.

घरी आल्यावर त्याने घाई केली नाही. जुन्या पेटीतलं पाणी वाटी-वाटीने घागरीत घातलं, माशांना सवय होऊ दिली, मग अलगद ओंजळीने एकेकाला आत सोडलं. अध्यक्ष तळाशी जाऊन बसला. कितीतरी वेळाने त्याने एक खडा तोंडात घेतला, चघळला आणि थुंकला. इराला इतका आनंद झाला, की तिने कमलिनीबाईंचा हातच धरला.

"जेवून जा," त्या म्हणाल्या.

*

बेत असा ठरला — मासे पाहुणे म्हणून इथेच राहतील. इराचा पांढरा स्पंजही ह्याच पेटीत जुन्या स्पंजाशेजारी ठेवायचा. शेजाऱ्याचं बघून त्याच्यात वस्ती होईल. ती पुरेशी झाली की मासे आणि स्पंज दोन्ही शोळिंगनल्लूरला जातील.

म्हणून इरा दर रविवारी मासे बघायला येऊ लागली. मग मधल्या वारीही. मासे काय, रोज थोडे थोडे बदलतात, बघायला नकोत का?

ती आली की कमलिनीबाई पितळी पेल्यात कॉफी आणून ठेवायच्या आणि तिच्या मराठीला हसायच्या. त्र्यंबक तिच्याकडून नवे शब्द शिकायचा.

"'भारी' म्हणजे जड नां?"

"नाही हो. म्हणजे छान. 'हा शर्ट भारी आहे.'"

"अप्पडिया? असें काय? मग हा शर्ट...?"

"हा नुसताच जड आहे."

दुसऱ्या वेळी तो नवा शर्ट घालून आला आणि काही न बोलता पेटीपाशी उभा राहिला. इराने बराच वेळ मासे बघितले. जाताना दारात चप्पल घालत, खाली मान घालून म्हणाली, "भारी आहे." त्या रात्री तिने मोबाइलमधलं 'सांडपाणी' पुसलं. पण तिथे दुसरं काय लिहावं हे सुचेना, म्हणून नुसतं 'त्र्यं' एवढंच ठेवलं.

स्पंज तयार झाला का, ते बघायची एक रीत होती. इराचा स्पंज एका बादलीत ठेवायचा, त्यात जरासा अमोनिया घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं पाणी काचेच्या नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पाणी हिरवं झालं तर विष अजून शिल्लक आहे. पिवळं झालं, तर जिवाणूंनी सगळं फस्त केलं — स्पंज तयार.

पहिल्यांदा हिरवं आलं. पुढच्यांदाही हिरवं. मग एका रविवारी त्र्यंबकने नळी उजेडात धरली. पाणी पिवळं होतं. लिंबाच्या सालीसारखं, कोणी आंधळ्यानेही सांगावं इतकं पिवळं.

बाहेर भाजीवाल्याची आरोळी ऐकू येत होती.

"मला..." त्र्यंबक घसा खाकरून म्हणाला, "मला अजून हिरवट वाटतें."

इराने नळी हातात घेतली. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघांनीही ती लगेच मागे घेतली नाहीत. तिने नळी डोळ्यांशी नेली, मान तिरकी केली, अगदी गंभीरपणे निरखलं.

"हिरवंच आहे," ती म्हणाली. "चांगलंच हिरवं."

पुढचे कितीतरी रविवार ते पिवळं पाणी हिरवंच राहिलं. शेवटी एकदा कमलिनीबाई खोबरं किसता किसता उठून आल्या, नळीकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हें तर पिवळें आहे कीं! दोघांचे डोळे बिघडले काय?"

इरा लाजेने अर्धी झाली. आपण फुकटची कॉफी पीत, ह्या लोकांच्या घरात माशांचं निमित्त करून बसलोय, हे त्यांना केव्हाच दिसलं असणार. "पुढच्या रविवारी सकाळी नेते मी मासे," ती घाईघाईने म्हणाली. "सकाळीच येते. दिव्याच्या आत."

तिने त्र्यंबककडे बघितलं. तो नुसता नळी विसळत राहिला. 'नेऊं नका' असे दोनच शब्द हवे होते, पण ते त्याच्या मराठीत नव्हते की काय कोण जाणे.

*

रविवारी सकाळी ती घागर घेऊन आली, तर त्र्यंबक घरी नव्हता. कारखान्यात पंप बंद पडला म्हणून पहाटेच अंबत्तूरला गेला होता.

"मोठा हवेचा पंप आहे म्हणे, तो थांबला कीं त्याचे जिवाणू गुदमरतात," कमलिनीबाई म्हणाल्या. "तूं थांब. स्पंज तोच काढील."

इरा थांबली. जेवली. भाजी निवडू लागली. दुपार टळली, ऊन उतरलं, तरी त्याचा पत्ता नाही. फोन लावला तर बंद. तिच्या डोक्यात राग चढत गेला. टाळतोय. निरोप द्यायला नको म्हणून पंपाचं निमित्त! आपण मात्र वेड्यासारखं पिवळ्याला हिरवं म्हणत बसलो. तिला स्वतःचाच इतका राग आला, की एका वांग्याचे तिने नको तितके तुकडे केले.

कमलिनीबाईंनी दिवा लावला. उदबत्तीचा वास पसरला. इरा घागर उचलून उठली.

"येते मी, काकू. आता दिवा लागला. उद्या सकाळी येईन, ते नसताना. तुम्ही एवढं केलंत माझ्यासाठी..."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. त्र्यंबक आत आला. केस विस्कटलेले, पँटवर ग्रीसचे डाग. त्याने हात धुतले, स्वयंपाकघरातून एक झाकणाचा स्टीलचा डबा आणला, त्यात पेटीतलं पाणी घेतलं. इराचा स्पंज काढून त्यात ठेवला — आता तोही छान तपकिरी झाला होता. मग कात्रीने स्वतःच्या जुन्या स्पंजाचा अर्धा भाग कापला आणि तोही त्यात घातला. वाळूं द्यायचा नाहीं, असं स्वतःशीच पुटपुटत झाकण लावलं, आणि दोन्ही हातांनी डबा इरासमोर धरला.

"दिवा लागलाय," इरा म्हणाली. आवाज रागाचाच ठेवायचा तिने प्रयत्न केला.

"ठाऊक आहे."

"दिवा लागल्यावर विरजण बाहेर देत नाहीत."

"बाहेरच्यांस देत नाहींत," तो म्हणाला. "मीं बाहेर देत नाहींच आहें."

देवघराच्या दारात कमलिनीबाई उदबत्ती हातात घेऊन होत्या तशा उभ्या राहिल्या.

इराला सगळं कळलं, तरी पुन्हा ऐकायचं होतं. "आणि सकाळपासून होतात कुठे? पंप इतका वेळ..."

"पंप दुपारींच दुरुस्त झाला."

"मग?"

"अंबत्तूर स्टेशनावर बसून होतों. बांकावर." तो खाली बघत म्हणाला. "लवकर आलों असतों तर उजेडीं द्यावें लागलें असतें. उजेडीं कोणासहि देतात. पण तो सूर्य... आज कांहीं केल्या बुडेचना."

इराला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. हा वेडा माणूस! शब्द सापडेनात म्हणून सबंध दुपार सूर्य बुडायची वाट बघत बसला. ती ह्या गावात आली तेव्हा तिचं म्हणावं असं इथे कोणी नव्हतं, आणि आता तिला घरातलं म्हणायला एक जण रेल्वेच्या बाकावर उपाशी बसला होता.

"दे," ती म्हणाली.

'द्या' नव्हे, 'दे'. तंजावरच्या मराठीतही त्यातला फरक कळतो. त्र्यंबकने मान वर केली, आणि ती खळी पडली. इराने डबा दोन्ही हातांनी घेतला, त्याच्या हातांसकट.

"पाणी सांडूं नका," कमलिनीबाई म्हणाल्या आणि साखर आणायला आत गेल्या.

नेमका तेव्हाच मोबाइल वाजला. सातच्या बातम्या संपल्या होत्या.

"मासे कसे आहेत?" मिरजेहून बाबांनी विचारलं.

इतके दिवस ती 'मजेत' म्हणत आली होती. आज डबा छातीशी धरून तिने सगळं खरं सांगितलं. साबण, दुधाळ पाणी, आ वासणारा अध्यक्ष, घागर, स्कूटर, दिवा. "मेले असते, बाबा. मी खोटं बोलले तुमच्याशी. ह्या घराने वाचवलं त्यांना. विरजण दिलं. आणि आता दिवा लागल्यावरही दिलंय..."

हजेरीत एखादं नाव पुन्हा विचारावं, तसं मुख्याध्यापकांनी विचारलं.

"दिवा लागल्यावर?"

"हो."

"तुझी आई द्यायची नाही कोणाला. कशात दिलंय?"

"स्टीलच्या डब्यात."

"हं. मग तो डबा रिकामा परत करू नकोस. ज्या घराने विरजण दिलं, त्यांचं भांडं रिकामं पाठवायचं नसतं."

"काय घालू त्यात, बाबा?"

"तू काही घालू नकोस. डबा नीट घासून—" ते थबकले. "नको, तू घासू नकोस. तू फार घासतेस. तसाच ठेव. मी येतो. तुझ्या आईच्या पद्धतीचे बेसनाचे लाडू मला जमतात आता. ते भरून त्या लोकांना मीच नेऊन देतो, आणि काय बोलायचं ते बोलतो."

इराच्या डोळ्यांतून पाणी घळघळत होतं आणि त्र्यंबक घाबरून तिच्याकडे बघत होता.

"आणि इरा," बाबा म्हणाले, "मासे राहू दे. तू कशी आहेस?"

इराने समोर पाहिलं. पेटीत चिटणीस लगबगीने फेऱ्या मारत होता. साखरेची वाटी घेऊन कमलिनीबाई येत होत्या.

"मजेत आहे, बाबा," ती म्हणाली, आणि ह्या वेळी ते अक्षरशः खरं होतं.